लिलाबाईच्या चित्राचे पैसे

माझ्या आतल्या कप्प्यात एक पोस्टकार्ड आहे. दसऱ्याच्या सुमाराला ते आले. त्याला उत्तर जायला हवे होते, ते वेळेवर गेले नाही. माझे मालक रोज संध्याकाळी ते कार्ड काढत, वाचत आणि पुन्हा माझ्यात सरकवून ठेवत. असे इतक्या वेळा झाले की कार्डाचे कोपरे मऊ पडले आणि माझ्या कप्प्याची शिवण उसवली.

मित्रांनो, मी एक जुने पाकीट आहे. रंगाने तपकिरी, घडीवर फाटत आलेले. पाकीट बोलते आहे म्हणजे पैशांबद्दल काही शहाणपण सांगेल, असे तुम्हाला वाटेल. तसे शहाणपण माझ्याजवळ नाही. मी पैसे सांभाळले, पण ते कुठून येतात आणि कुणाकडे यायचे का थांबतात, हे मला कधी नीट समजले नाही. खिशात बसून जे ऐकले तेवढेच सांगते. त्यातही माझी चूक होऊ शकेल.

पुण्यातल्या एका बोळात एका कारागिराने मला शिवले. तो बोटांना मेण लावून दोरा ओढायचा. शिवून झाल्यावर त्याने मला गुडघ्यावर ठेवून लाकडी ठोकळ्याने सपाट केले आणि म्हणाला, "वीस वर्षं बघायला नको." त्याच्या शब्दापेक्षा मी नऊ वर्षे जास्त टिकले आहे. ते चांगले झाले की वाईट, हे मला सांगता येत नाही.

अनसूयाबाईंनी मला विकत घेतले, आपल्या यजमानांसाठी. यजमानांचे नाव हैबतराव. नाव ऐकून माणूस दचकावा, पण हैबतराव स्वतःच सगळ्यांना दचकून असत. पौडच्या वाचनालयात ते ग्रंथपाल होते. पुस्तक परत करायला उशीर झालेल्या माणसाला दंड सांगतानाही त्यांचे कान लाल होत. सगळे त्यांना बापू म्हणत.

आपल्याकडे पाकीट रिकामे देत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. अनसूयाबाईंनी माझ्या नाण्यांच्या कप्प्यात स्टीलचा एक रुपया टाकला आणि म्हणाल्या, "हा खर्चायचा नाही हं. बाकी काय वाट्टेल ते करा." बापूंनी तो कधी खर्चला नाही. अनसूयाबाई गेल्या त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीपाशी बापूंनी मला पूर्ण रिकामे केले, तरी तो रुपया तेवढा आत ठेवला.

माझे चांगले दिवस होते. महिन्याच्या सुरुवातीला माझे पोट फुगे आणि शेवटी बसे. तरी आठवड्याचे चारपाचशे रुपये माझ्यात असतच. बापू शनिवारी रात्री नोटा लावून ठेवत. दहाच्या आणि वीसच्या पुढे, मोठ्या मागे. पुढच्या नोटा लिलाबाईच्या असत.

लिलाबाई डोंगराकडच्या कातकरी वस्तीवर राहते. राहत होती, असे म्हणायला हवे. शनिवार-रविवारी ती पाटी घेऊन खाली उतरे आणि कासार आंबोलीच्या वळणावर, रस्त्याकडेच्या जांभळीखाली बसे. उन्हाळ्यात करवंदे, पावसाळ्यात भारंगी, टाकळा अशा रानभाज्या आणि दोरीत ओवलेले खेकडे. धरणाकडे जाणाऱ्या गाड्या तिच्यापाशी थांबत. पूर्वी लिलाबाईचे घर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाई. भट्टीवाल्याची उचल घ्यायची आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत विटा थापून ती फेडायची. रस्त्याकडेला बसायला लागल्यापासून तिने उचल घेणे सोडले होते. त्यामुळे तिची पल्लवी शाळेत सलग पाच इयत्ता शिकली. पाटीतली भाजी विकली जाते की नाही, यावर त्या मुलीची शाळा उभी होती. मला हे माहीत होते, कारण लिलाबाई दर रविवारी ते बापूंना सांगे.

"बापू, पोरगी सावीत जायाची औंदा. तुमच्या पुस्तकांनी येडी केलीया. रातच्याला चुलीपाशी वाचतीया, भाकरी करपली तरी ध्यान न्हाई."

बापू हसत. वाचनालयातले एखादे पातळ पुस्तक पल्लवीच्या हातात देत, मला उघडत आणि दोन जुड्यांचे पैसे देत. सुट्टे नसतील तर लिलाबाई म्हणे, "ऱ्हाऊ द्या, फुडच्या ऐतवारी." नोट तिच्या कमरेच्या पिशवीत जाई. त्या पिशवीशी माझी ओळख होती असे मी समजे. आम्ही दोघे एकाच कामाचे.

मग हळूहळू माझे पोट बसत गेले. मोठ्या नोटा बंद झाल्या तेव्हा मी आठवडाभर रिकामे होते, पण पुन्हा भरले. महामारी आली तेव्हा लोक नोटेला हात लावायला घाबरले, तेही दिवस गेले. माझा खरा शेवट झाला तो महाळुंग्यात, एका चकचकीत दुकानात.

बापूंचा मुलगा इंद्रजित महाळुंग्याला नव्या इमारतीत राहतो. बापू त्याच्याकडे चार दिवस गेले होते. खाली दूध आणायला उतरले आणि त्यांनी मला बाहेर काढले. दुकानातला मुलगा म्हणाला, "अंकल, छुट्टा नहीं है. स्कॅन करो ना." बापू नाण्यांच्या कप्प्यात बोट घालून चाचपू लागले. मागे रांग होती.

"काका, जरा पटकन," मागून एक बाई म्हणाली. रागाने नव्हे, पण म्हणाली.

बापूंनी घाई केली. मी खाली पडले आणि नाणी फरशीवर पळाली. सगळे वाकून ती गोळा करू लागले. बापूंना कुणी ओरडले असते तर सोपे गेले असते.

त्या संध्याकाळी इंद्रजितने त्यांच्या फोनमध्ये पैसे देण्याचे सगळे लावून दिले. "बाबा, आता हे पाकीट कपाटात ठेवा. म्युझियममधलं वाटतं."

"रुपया आहे त्यात," बापू म्हणाले.

"मग?"

बापूंनी मला कपाटात ठेवले नाही. खिशात मी राहिलेच. पण आता माझ्यात होता बसचा पास, अनसूयाबाईंचा एक फोटो आणि तो रुपया.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. माझे मालक वाईट नाहीत. पण जे झाले ते त्यांच्या एका शब्दामुळे झाले.

श्रावणातला रविवार होता. जांभळीजवळ एक कणसेवाला नव्याने बसू लागला होता. त्याच्या गाड्याला काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र टांगलेले होते आणि खाली एक छोटा डबा होता. गिऱ्हाइकाने फोन दाखवला की डब्यातून बाईचा आवाज येई, इतके रुपये मिळाले म्हणून. लिलाबाईकडे असे काही नव्हते. लोक जुडी उचलत, "स्कॅनर आहे का, मावशी?" विचारत आणि जुडी परत पाटीत टाकत. खिसे चाचपून हसत. त्यांच्याकडे खरेच नोटा नसत. लिलाबाईचे बँकेत खाते होते, पण आयुष्यभर विटा आणि गवत उचलून तिच्या बोटांचे ठसे पुसले होते. बँकेतले यंत्र तिचा अंगठा ओळखत नसे. तिच्याजवळ फोनही नव्हता. दोन आठवडे भारंगी सुकून परत गेली होती.

त्या रविवारी मात्र ती बापूंना लांबूनच हाक मारू लागली.

"बापू, या की हिकडं! आज पैसं न्हाईत म्हणायची सोय न्हाई. माज्याकडं बी चित्र हाय आता!"

पाटीला टेकवून तिने एक पुठ्ठा उभा केला होता. त्यावर चौकटींचे चित्र चिकटवलेले होते.

"कुठून आणलंत?" बापूंनी विचारले.

"आणायचं कशाला? पल्लवीच्या मागल्या सालच्या पुस्तकावर व्हतं की. फुकाट पडलं व्हतं. कापलं अन् शितानं चिकटीवलं."

शेजारी पल्लवी बसली होती. ती हळूच म्हणाली, "आई, ते पुस्तकाचं हाय गं. त्यात धडा अस्तोय."

"तू गप. सगळी चित्रं येकच अस्त्यात. शाळंचं म्हंजी सरकारी, आनखी भारी. बापूंना इचार, त्यास्नी तुज्यापरीस जास्ती ठावं."

बापूंनी फोन काढला. त्यांना धड वापरता येत नसे. त्यांनी कॅमेरा त्या चित्रावर धरला. क्षणभर काही झाले नाही. मग फोनमधून एका बाईंचा स्पष्ट, गोड आवाज आला. नमस्कार बालमित्रांनो, आज आपण नवा धडा शिकणार आहोत.

लिलाबाई उठून उभी राहिली. "बोललं! पल्लवे, ऐकलं का? त्या कणसवाल्यावानी आपलं बी बोललं!"

मागे थांबलेल्या गाडीतली माणसे हसू लागली. एकजण म्हणाला, "मावशी एकदम हायटेक!" त्याला वाटले ती चेष्टा करते आहे. लिलाबाईला वाटले तो कौतुक करतो आहे. तीही हसली.

"आलं का पैसं, बापू?" तिने विचारले.

मी बापूंच्या छातीवरच्या खिशात होते. त्यांचे हृदय मला ऐकू येत होते. एवढ्या लोकांसमोर तिला कसे सांगायचे, हे त्यांना कळेना. पल्लवी त्यांच्याकडे बघत होती. ती खरे बोलली होती आणि आता बापू काय म्हणतात याची वाट बघत होती.

"झालं," बापू म्हणाले. "झालं, झालं."

लिलाबाईने दोन जुड्या आणि खेकड्यांची एक दोरी त्यांच्या पिशवीत घातली. साठ रुपयांचा माल. माझ्यात एक रुपया होता.

दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन जायचे आणि एकटी गाठून तिला समजावून सांगायचे, असे बापूंनी ठरवले होते. मी त्यांना ते पुटपुटताना ऐकले. पण सोमवारी लिलाबाई खाली येत नसे. पुढच्या रविवारपर्यंत त्यांना वाटू लागले की तिला आता कळलेच असेल, आपण कोणत्या तोंडाने जायचे? ते दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले. लाजाळू माणसाच्या वाटा अशाच लांबतात.

तिला कळले नव्हते, हे मला पुढे वस्तीवर ऐकायला मिळाले. उरलेला सगळा पावसाळा ती त्या पुठ्ठ्याशी बसली. कुणी म्हणे, "मावशी, हे चालत नाही," तर ती ठणकावून सांगे, "बापूंचं कसं चाललं मग? तुमचाच फोन बाद हाय." काहीजण भाजी ठेवून जात. काहीजण फोन नुसता पुठ्ठ्यावरून फिरवत, "झालं मावशी" म्हणत आणि जुड्या घेऊन गाडीत बसत. ती माणसे चांगल्या घरची होती. तिला तो शब्द ओळखीचा होता.

गौरी-गणपती झाल्यावर ती पौडला बँकेत गेली. मग दसऱ्याच्या सुमाराला ते पोस्टकार्ड आले. पत्त्यावर लिहिले होते, हैबतराव बापू, पुस्तकवाले, मु. कासार आंबोली, ता. मुळशी.

ते कार्ड मला पाठ आहे.

"ती. बापूंस पल्लवीचा नमस्कार. शाळेत आम्हाला पत्र लिहायला सांगितले आहे. सगळ्यांनी मामाला लिहिले. मी तुम्हाला लिहिते. आई बँकेत गेली होती. तिथे म्हणाले पैसे नाहीत. आई म्हणते, बापूंचे साठ रुपये तरी असणारच, कारण बापू झालं म्हणाले होते. मला वाटले होते ते पुस्तकाचे चित्र आहे. पण तुम्ही झालं म्हणालात म्हणून मी गप्प बसले. बापू, पैसे कुठे गेले? उत्तर पाठवा. ज्याला उत्तर येईल त्याचे कार्ड मॅडम फळ्याशेजारी लावणार आहेत. तुमची पल्लवी."

बापू उत्तर लिहायला बसत. वहीच्या पानावर आधी कच्चे लिहीत. पहिल्या वाक्यात क्षमा मागत, दुसऱ्यात कारण देत, मग कारण खोडत. मोठी पुस्तके वाचलेला माणूस सहावीतल्या मुलीला चार ओळी लिहू शकत नव्हता. दिवाळी आली आणि गेली. फळ्याशेजारी कुणाकुणाची कार्डे लागली असतील, पल्लवीच्या नावाची जागा रिकामी असेल, हे माझ्या मनात येई. त्यांच्याही येत असणार.

शेवटी एका सकाळी ते उठले आणि मला घेऊन निघाले. पौडच्या एटीएमवर रोकड नसल्याची पाटी होती. पिरंगुटला गेले, तिथे रांगेत उभे राहिले. पाचशेच्या सहा नोटा माझ्यात आल्या. कित्येक महिन्यांनी माझे पोट भरले. मला आनंद व्हायला हवा होता. मग बापू वस्तीकडे चढू लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, दर वळणावर बसत होता.

वस्तीवर कुत्रेसुद्धा नव्हते. लिलाबाईच्या झोपडीच्या दाराला काटेरी झाप लावलेला होता. खालच्या उतारावर तुकाबाई शेळ्या राखत होती. ती धनगराची म्हातारी, लिलाबाईची शेजारीण.

"कोन, पुस्तकवालं बापू व्हय?" तिने काठी टेकवत विचारले. "आता येऊन काय उपेग?"

"लिलाबाई कुठं आहे?"

"भट्टीवर. उचल घेतली अन् दिवाळी झाली तशी टेम्पोत बसली समदी. कुटं खाली, कोकणाच्या अंगाला. नाव काय मला ठावं न्हाई."

"आणि पल्लवी?"

"पोरगी हितं एकली कशी ऱ्हाईल? धाकल्या भनीला संबाळाय नगं?" तुकाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला भिडभाड नव्हती. "ब्यांकंत म्या गेलते तिच्या संगं. तितल्या बाईनं ते चित्र मोबाइलला दावलं, तर आतून मास्तरीन बोलाया लागली. बाई म्हनली, मावशी, ह्यो शाळंचा धडा हाय. समदी हसली. लिला न्हाई हसली. ती म्हनली, बापू खोटं बोलायचं न्हाईत, तुमीच पैसं दाबलं. भांडली त्यांच्याशी. तुमच्यासाटनं भांडली, बापू."

बापू खाली बसले. त्यांनी मला काढले आणि नोटा पुढे केल्या. "ती येईल तेव्हा हे द्याल का?"

"म्या न्हाय ठिवायची. माज्या खोपीला दार हाय का कुलूप? आन् तिचं पैसं तिच्या हातात द्या. मदी मानसं घालू नगा आता."

त्या सहा नोटा अजून माझ्यात आहेत. त्या बापूंच्या नाहीत, माझ्याही नाहीत. रोज थोड्या जड होतात असे वाटते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण सांगायची असते. फोन वापरू नका असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी कोण ऐकेल? इंद्रजितचे चूक नव्हते, दुकानातल्या मुलाचेही नव्हते. पण घरातून निघताना खिशात दहा-वीसच्या दोन नोटा ठेवाल का? स्वतःसाठी नकोत. ज्यांच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत, त्यांच्यासाठी ठेवा. आणि नोट नसेल तर भाजी खाली ठेवा, पण 'झालं' म्हणू नका. एवढेच मागते. तेवढ्याने लिलाबाई भट्टीवरून परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

आज सकाळी बापू पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसाला त्यांनी दोन कार्डे मागितली आणि स्वतःची एक पाचशेची नोट दाखवली.

"आजोबा, रुपयाला पाचशे? सुट्टे कुठून आणू? स्कॅन करा की."

बापूंचा हात फोनकडे गेला आणि थांबला. मग त्यांनी माझा नाण्यांचा कप्पा उघडला. एकोणतीस वर्षे जपलेला तो रुपया त्यांनी अंगठ्याने एकदा पुसला आणि खिडकीत ठेवला. दोन कार्डे आली. पहिल्यावर शाई पसरली. दुसऱ्यावर त्यांनी उभ्या उभ्या लिहिले. या वेळी कच्चे केले नाही.

"चि. पल्लवीस आशीर्वाद. पैसे कुठेच गेले नाहीत, कारण ते आलेच नव्हते. ते पुस्तकाचेच चित्र होते. तू खरे बोललीस आणि मी खोटे बोललो. आईला वाचून दाखव. तिचे पैसे माझ्याजवळ आहेत. हैबतराव."

पत्ता शाळेचा घातला. पल्लवी शाळेत नाही, हे त्यांना ठाऊक होते. कडेच्या कोऱ्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. मॅडमना विनंती, ती येईपर्यंत हे फळ्याशेजारी लावावे. येणाराजाणारा ते वाचेल, परतलेली वस्ती वाचेल, पोस्टमन तर वाटेतच वाचेल. कार्ड उघडेच असते.

पोस्टाच्या लाल पेटीच्या फटीत बापूंनी हात घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग कार्ड सोडले.